एकच औषध, दोन आकडे

गेल्या महिन्यात एक तरुण दोन रिपोर्ट घेऊन माझ्या दवाखान्यात आला. त्याच्या आईने त्याला आपले मूत्रपिंड दिले आहे. शरीराने ते परके समजून नाकारू नये, म्हणून तो टॅक्रोलिमस हे औषध रोज दोन वेळा घेतो. रक्तात हे औषध कमी पडले तर आईने दिलेले मूत्रपिंड गमावण्याची भीती. जास्त झाले तर हात थरथरतात, साखर वाढते आणि त्याच मूत्रपिंडाला इजा होते.

पहिल्या लॅबचा आकडा होता ७.२ नॅनोग्रॅम. या वेळी प्रवास वाचवण्यासाठी त्याने दुसरीकडे रक्त दिले, तिथे आला ९.४. गोळ्या त्याच, वेळही तीच. "डॉक्टरसाहेब, एक गोळी कमी करू का?"

मी म्हटले, "थांब, आधी तपासणीची पद्धत बघू."

दोन्ही पद्धती वेगळ्या होत्या. एका पद्धतीत प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, औषधाचा रेणू त्याच्या आकारावरून ओळखतात. ही इम्युनोअ‍ॅसे पद्धत झटपट होते. परंतु यकृतात या औषधाचे जे बदललेले अंश तयार होतात, ते दिसायला मूळ औषधासारखेच. प्रतिपिंडे त्यांनाही थोडेफार पकडतात आणि आकडा फुगतो. दुसऱ्या पद्धतीत रक्तातील घटक बारीक नळीतून जाताना वेगळे केले जातात आणि रेणूच्या वजनावरून मूळ औषध तेवढे मोजले जाते. तिला एलसी-एमएस म्हणतात. ती अधिक अचूक, पण यंत्र फार महाग आणि ते चालवायला प्रशिक्षित माणूस लागतो.

म्हणजे पहिली पद्धत खोटी असे नव्हे. दोन वेगळ्या मापांचे आकडे शेजारी मांडणे चूक. मी प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. त्यांच्या सल्ल्याने जुन्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त दिले: ७.४! गोळी कमी केली असती तर?

अशी तपासणी करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. लॅब शक्यतो बदलू नये. बदललीच तर डॉक्टरांना सांगावे. रक्त सकाळच्या गोळीआधी, रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यावे. क्षयाचे रिफाम्पिसिन किंवा बुरशीवरचे फ्लुकोनाझोल सुरू झाल्यास तेही कळवावे. पहिल्याने पातळी घटते, दुसऱ्याने वाढते. आणि आकडा पाहून गोळी स्वतः कधीही कमी-जास्त करू नये.