सुई, चिंध्या आणि बालपणीची जखम



गुडघा फुटला तर मूल रडत घरी येते आणि आई हळद लावते. पण काही जखमा घेऊन मूल कोणाकडेच जात नाही. घरातली रोजची भांडणे, दारुड्या बापाची भीती, कुणी केलेला वाईट स्पर्श, आईचा अकाली मृत्यू अशा गोष्टी मुलाला सांगता येत नाहीत, कारण त्याच्याजवळ त्यासाठी शब्दच नसतात. पुढे ते मूल मोठे होते, नोकरीला लागते, संसार करते. जखम मात्र आतच राहते. अशी जखम हातांच्या कामातून कशी हाताळता येते, हे आपण या पाठात एका कलावतीच्या उदाहरणावरून पाहू या.

एका मुलीचे घर

लुईझ बुर्जुआ यांचा जन्म २५ डिसेंबर १९११ रोजी, म्हणजे ऐन नाताळच्या दिवशी, पॅरिसमध्ये झाला. त्यांच्या आईवडिलांचा जुन्या टॅपिस्ट्रींचा, म्हणजे भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रपडद्यांचा, व्यवसाय होता. फाटलेले, कुरतडलेले पडदे घरच्या कारखान्यात दुरुस्त होत. पडद्यांची खालची कड बहुधा झिजलेली असे, त्यामुळे चित्रातल्या माणसांचे पाय नाहीसे झालेले असत. ते पाय कागदावर काढून द्यायचे काम लहानग्या लुईझकडे होते. त्याबरहुकूम आई आणि कामकरी बाया ते विणून काढत.

बाहेरून हे घर सुखवस्तू दिसे. आत मात्र वेगळेच चालले होते. मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी घरात ठेवलेल्या तरुण शिक्षिकेशी वडिलांचे संबंध होते आणि ती अनेक वर्षे त्याच छपराखाली राहत होती. आईला ठाऊक होते, मुलांनाही कळत होते, पण कुणी बोलत नव्हते. आई आजारी असे आणि तिची शुश्रूषा लुईझ करी. १९३२ साली आई वारली, तेव्हा लुईझ वीस वर्षांची होती.

मुलीला इथे दोन घाव बसले. एक वडिलांच्या वागण्याचा आणि दुसरा घरातल्या मौनाचा. दुसरा घाव आपल्या ध्यानात सहसा येत नाही. ‘घरातली गोष्ट घरातच राहू दे’ असे आपणही म्हणतो, आणि ते ओझे सर्वांत लहान खांद्यांवर येऊन पडते.

हाताला लागेल ते साहित्य

१९३८ साली लग्न करून लुईझ न्यूयॉर्कला गेल्या. संसार केला, तीन मुलगे वाढवले आणि त्याबरोबर शिल्पे घडवीत राहिल्या. लाकूड, प्लास्टर, रबर, संगमरवर, पोलाद, काच, आरसे, जुनी दारे, जुने कपडे, दोऱ्याची रिळे हे सारे त्यांच्या कामात एकत्र येई. यालाच मिश्र माध्यम म्हणतात.

१९७४ च्या एका शिल्पात त्यांनी लाल उजेडातली गुहेसारखी जेवणाची जागा उभारली. मेजावर सर्वांना गप्प बसवणाऱ्या बापावर मुले उलटतात, ही त्यामागची कल्पना. लहानपणी गिळलेला राग तिथे प्रथमच उघडा झाला. हे बालपण जाहीरपणे सांगायला त्यांना १९८२ साल उजाडावे लागले. तेव्हा त्या सत्तरीत होत्या!

१९९० ते १९९३ या काळात त्यांनी आपल्या लहानपणच्या एका घराची संगमरवरी प्रतिकृती केली आणि तिच्यावर शिरच्छेदाचे यंत्र टांगले. १९९९ साली आईच्या आठवणीसाठी सुमारे ३० फूट उंचीची पोलादी कोळीण उभी केली. तिच्या पोटाशी संगमरवरी अंडी आहेत. कोळीण का? तर आईही कोळिणीसारखी धागे विणणारी, जाळे फाटले की पुन्हा नीट करणारी होती. नव्वदी ओलांडल्यावर, २००२ साली, त्यांनी लग्नातल्या रुखवताच्या कापडांचे आणि जुन्या वस्त्रांचे शिवलेले पुस्तक केले. २०१० साली, वयाच्या ९८ व्या वर्षी, त्या वारल्या.

त्यांच्या लेखी सुई ही फाटलेले सांधणारी वस्तू होती आणि तिचे नाते त्या क्षमेशी जोडीत. मात्र क्षमा म्हणजे ‘काही घडलेच नाही’ असे म्हणणे नव्हे. फाटलेले कुठे आहे हे पाहिल्याशिवाय टाका घालता येत नाही.

हे काम मनाला कशी मदत करते?

भयंकर आठवण पुष्कळदा सरळ गोष्टीसारखी आठवत नाही. एखादा वास, दाराचा आवाज, पोटातला गोळा असे तिचे तुकडे येतात. म्हणून तुकडे जोडून केलेले काम तिला जवळचे वाटते. शिवाय लहानपणी आपल्या हाती काहीच नव्हते. इथे कापायचे काय, झाकायचे काय, दाखवायचे काय, हे आपण ठरवतो. आत डांबलेली गोष्ट समोर मेजावर येते आणि तिच्याकडे थोडे दुरून पाहता येते.

घरी करून पाहायचे असेल तर

१. एक पुठ्ठा, जुन्या साडीचे तुकडे, वर्तमानपत्र, खळ, सुईदोरा एवढे पुरे. फोटो वापरायचा तर त्याची झेरॉक्स घ्या.

२. सर्वांत मोठ्या दुःखापासून सुरुवात करू नका. लहानपणच्या घराचे दार, आजीचे लुगडे, शाळेची वाट यांतले एखादे घ्या.

३. अर्धा तास पुरे. छाती धडधडू लागली, हात थरथरले, तर थांबा. पाणी प्या, अंगणात फिरून या.

४. सुंदर व्हायलाच हवे असे नाही. कुणाला दाखवायचे, की कुणालाच नाही, हे तुम्ही ठरवा.

मर्यादाही ओळखू या

बुर्जुआ यांनी केवळ कलेवर भिस्त ठेवली नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सुमारे तीस वर्षे त्या मनोविश्लेषकाकडे जात होत्या. कला हा उपचाराचा सोबती आहे, त्याची जागा तो घेत नाही. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटा किंवा १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर मोफत बोला.

आणि एखाद्या मुलाच्या चित्रात काही खटकले तर? एका चित्रावरून निष्कर्ष काढू नका. ‘याबद्दल मला सांगशील?’ एवढेच विचारा आणि शांतपणे ऐका. मुलाने अत्याचार सांगितला, तर त्याच्यावर विश्वास ठेवा आणि १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवा. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे, मग दोषी घरातला असो की बाहेरचा. अब्रू झाकण्यासाठी मुलाला गप्प बसवणे म्हणजे त्याला दुसरा घाव घालणे.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात अशी कोणती गोष्ट आहे, जी सर्वांना ठाऊक आहे पण कुणी बोलत नाही? तिचे ओझे कोणावर पडते?

२. आपले मूल घाबरले, तर ते सर्वप्रथम कोणाकडे जाईल? त्यालाच विचारून पाहा.

३. ‘विसरून जा’ असे आपण कुणाला म्हटले आहे का? त्याऐवजी काय म्हणता आले असते?