चूक कोठें आहे?

जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या पाहिल्या असतील. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभारलेल्या या तबकड्या ३० असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. प्रत्येकीचे संकेत इतर प्रत्येकीच्या संकेतांशीं ताडून पाहावे लागतात, तेव्हां कोठें आकाशाचें चित्र तयार होतें. अशा जोड्या होतात ४३५.

या जोड्या मोजणारी लहानशी आज्ञावली आम्ही मुलांना पायथन भाषेंत लिहावयास सांगितली, आणि सोबत आपोआप चालणारी एक चाचणी दिली: उत्तर ४३५ न आल्यास तिनें तक्रार करावी. एका विद्यार्थ्याचें उत्तर ४६५ आलें. त्यानें काय करावें? चाचणींतीलच आंकडा पुसून ४६५ केला! चाचणी अर्थातच उत्तीर्ण झाली. आम्ही रागावलों नाहीं. पुस्तकाच्या शेवटचें उत्तर पाहून रीत जुळविण्याचें पाप पुष्कळ पालकांनींही केलें असेल.

अशा वेळीं डीबगर कामास येतो. चालत्या आज्ञावलीस मध्येंच थांबवून त्या क्षणीं तिच्यापाशीं काय आहे तें दाखविणारें हें साधन होय. पायथनबरोबर पीडीबी नांवाचा डीबगर आयताच मिळतो. चाचण्या चालविणारें पायटेस्ट मात्र निराळें बसवून घ्यावें लागतें. पायटेस्ट लिहून, थोडी जागा सोडून, दोन आडव्या रेघा व त्यांस जोडून पीडीबी हीं अक्षरें लिहिलीं, कीं चाचणी जेथें फसते त्याच ओळीवर काम थांबतें. नवशिक्यांची फसगत होते ती येथेंच. तोंवर मोजणी आटोपलेली असते. चोर पसार झालेला असतो. म्हणून पीडीबीऐवजीं ट्रेस हा शब्द द्यावा, म्हणजे चाचणीच्या आरंभींच थांबतां येतें. मग एस लिहून मोजणाऱ्या भागांत शिरावें, एन लिहून एकेक ओळ पुढें जावें, आणि पी लिहून हव्या त्या नांवाची किंमत विचारावी.

पण ४६५ फेऱ्या कोण पाहणार? आम्ही तबकड्या तीनच धरल्या. उत्तर ३ यावयास हवें, आलें ६. पहिल्याच फेरींत पडद्यावर दोन शून्यें उमटलीं. पायथन शून्यापासून मोजतो; म्हणजे पहिल्या तबकडीची जोडीदारीण पहिलीच! (तबकडीचा संकेत स्वतःशींच ताडणेंही कधीं लागतें, पण आमचा प्रश्न तो नव्हता.) आंतील मोजणी पुढच्या तबकडीपासून सुरू व्हावयाची, ती त्याच तबकडीपासून झाली होती. तीस तबकड्या, तीस जादा जोड्या.

विद्यार्थ्यानें त्या ओळींत एक मिळविला, चाचणींत ४३५ स्वतःच्या हातानें परत लिहिलें, आणि ती पुन्हां चालविली.