चित्रपट : दोन घड्याळांचा खेळ



स्नेहसंमेलन आटोपले, की परभणीतल्या आमच्या महाविद्यालयात दोन-चार मुले-मुली हमखास भेटायला येतात. हातात मोबाइल असतो आणि प्रश्न ठरलेला असतो, "सर, चित्रपट काढायला शिकायचे आहे. कोणता कॅमेरा घ्यावा?"

मी म्हणतो, "आधी तुम्ही काढलेले दाखवा." मग नाचाचे चित्रण पाहायला मिळते. चित्र सारखे हलते आहे, रंगमंचावर काळे पट्टे वरखाली सरकत आहेत आणि नाचणाऱ्यांचे हात धुरकट दिसत आहेत. यांतला एकही दोष कॅमेऱ्याच्या किमतीमुळे आलेला नसतो. काळ, प्रकाश आणि स्थैर्य या तीन गोष्टींशी ओळख नसल्यामुळे ते आलेले असतात. या तिन्ही गोष्टी तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहेत. आज आपण ही ओळख करून घेऊ. त्यासाठी लागेल एक मोबाइल, मूठभर मूग आणि एक चेंडू.

वाटाण्याचे रोप

आपल्या जिल्ह्यातून, गंगाखेडवरून वाहणारी गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्याच त्र्यंबकेश्वरला १८७० साली धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला, हे आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचतो. पण त्याच्या आधी, नवशिके असताना, दादासाहेबांनी कशाचे चित्रण केले, हे फार थोड्यांना माहीत असते.

१९१२ साली ते लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. तो हाताने दांडी फिरवून चालवायचा असे. फितीला दोन्ही कडांनी भोके पाडण्याचे यंत्रही लागे. फीत धुण्याचे काम अंधाऱ्या खोलीत स्वतःच करावे लागे. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईही या कामात तयार झाल्या. मात्र मोठ्या चित्रपटासाठी भांडवल नव्हते आणि पैसे देणाऱ्यांचा या नव्या विद्येवर विश्वास नव्हता. तेव्हा दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा उभा केला आणि महिनाभर एकेक चित्र घेत राहिले. पडद्यावर मिनिटाभरात दाण्याचा अंकुर झाला, अंकुराचे रोप झाले आणि रोपाचा वेल झाला. 'अंकुराची वाढ' या नावाने तो चित्रपट ओळखला जातो. तो पाहून भांडवल देणारा माणूस मिळाला.

या गोष्टीबरोबर कधीकधी "रोज एक चित्र घेतले" असेही लिहिलेले आढळते. ते खरे असेल का? कागद-पेन्सिल घ्या.

मूकपटाच्या काळात पडद्यावर सेकंदाला साधारण १६ चित्रे दाखवीत. रोज एक याप्रमाणे तीस दिवसांत ३० चित्रे झाली असती. ३० भागिले १६, म्हणजे पुरते दोन सेकंदही नाहीत! चित्रपट मिनिटाभराचा हवा असेल, तर ६० गुणिले १६, म्हणजे ९६० चित्रे लागतील. तीस दिवसांत ९६०, म्हणजे दिवसाला ३२. अर्थात रात्रंदिवस दर ४५ मिनिटांनी एक. केवळ दिवसाउजेडी चित्रे घेतली असतील, तर अंतर याहून निम्मेच. दादासाहेबांनी किती चिकाटीने काम केले असेल, याची कल्पना या भागाकारावरून येते.

दोन घड्याळे

या उदाहरणात चित्रपटकलेचे मूळ सूत्र आले आहे. प्रत्येक चित्रपटात दोन घड्याळे चालू असतात. पहिले चित्रे घेण्याचे, दुसरे ती दाखवण्याचे. दोन्हींचा वेग सारखा असेल, तर पडद्यावरचा माणूस नेहमीसारखा चालतो. घेण्याचे घड्याळ सावकाश आणि दाखवण्याचे जलद असेल, तर महिना मिनिटात उरकतो. उलट केले, तर क्षण लांबतो.

दाखवण्याचा वेग बहुधा ठरलेला असतो. बोलपटात सेकंदाला २४ चित्रे, भारतातील दूरचित्रवाणीवर २५ आणि बहुतेक मोबाइलवर ३०. ही सुटी चित्रे आपल्याला हलती का दिसतात? डोळ्यांत प्रतिमा क्षणभर टिकून राहते, हे दृष्टिसातत्य तुम्ही शिकलाच आहात. पण तेवढ्याने भागत नाही. दोन चित्रांतला थोडा फरक पाहून आपला मेंदू मधली हालचाल स्वतःच जुळवतो. फरक फार मोठा झाला, की मेंदूला ती जुळवता येत नाही आणि चित्र उड्या मारते.

प्रयोग पहिला : मुगाचे चार दिवस

रात्रभर भिजवलेले मूग काचेच्या पेल्यात, ओल्या कापसावर, काचेला टेकवून ठेवा. चार दिवसांत मोड येऊन रोपे वर येतील.

चार दिवस म्हणजे ५,७६० मिनिटे. दर १२ मिनिटांनी एक चित्र घेतले, तर ४८० चित्रे होतील. सेकंदाला ३० या वेगाने ती १६ सेकंदांत संपतील. म्हणजे काळ किती पटींनी वेगवान झाला? १२ मिनिटे म्हणजे ७२० सेकंद. तेवढा काळ आपण १/३० सेकंदात दाखवतो. ७२० गुणिले ३०, म्हणजे २१,६०० पट. हे गणित चित्रणाच्या आधी करायचे असते, नंतर नव्हे.

ठरावीक अंतराने चित्र घेणारे विनामूल्य अ‍ॅप मोबाइलवर मिळते. मोबाइलमधल्या टाइमलॅप्स सोयीत बहुधा दोन चित्रांतले अंतर काही सेकंदांचेच असते. तेवढे आपल्या कामाला पुरत नाही. घरातला जुना मोबाइल वापरलात तर उत्तम, कारण तो चार दिवस जागचा हलता कामा नये.

आमचा पहिला प्रयत्न साफ फसला. तो का फसला, ते सांगतो, म्हणजे तुमचा फसणार नाही. आम्ही पेला खिडकीत ठेवला होता. ऊन-सावली बदलली, तसा प्रत्येक चित्राचा उजेड बदलला आणि पडद्यावर मूग वाढण्याऐवजी वीज चमकल्यासारखे दिसू लागले. दुसऱ्या रात्री वीज गेली, दिवा विझला आणि चार्जिंग बंद पडून मोबाइलही विझला. त्यातून जे वाचले, त्यात रोप वाढून चित्राच्या चौकटीबाहेर गेले होते.

म्हणून खिडकी बंद करा. वरून एकच दिवा रात्रंदिवस चालू ठेवा. बाजूने ठेवलात, तर रोप त्याच्याकडे झुकेल. वीज जाते हे गृहीत धरून बॅटरीवर चालणारा दिवा वापरा आणि मोबाइललाही पॉवर बँक जोडा. पेल्याच्या वर चौकटीत वीतभर जागा मोकळी सोडा. मोबाइलच्या पडद्यावर मुगाच्या दाण्यावर बोट दाबून धरले, की बहुतेक मोबाइलमध्ये स्पष्टता आणि उजेड 'लॉक' होतो. तो तसा करून घ्या.

आणि एक गोष्ट विसरू नका. पेल्याशेजारी, चौकटीत दिसेल असे एक काट्याचे घड्याळ ठेवा. त्याचा उपयोग शेवटी सांगतो.

काळे पट्टे कुठून येतात?

आता स्नेहसंमेलनातल्या त्या पट्ट्यांकडे वळू. आपल्या घरातील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शिगेला पोचतो, एकदा एका दिशेने आणि एकदा उलट दिशेने. म्हणून ट्यूबलाइट आणि पुष्कळसे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते.

कॅमेऱ्याचे शटर प्रत्येक चित्रासाठी १/५० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्या वेळात दिव्याचे नेमके दोन चढउतार पुरे होतात. चित्राच्या प्रत्येक भागाला सारखाच प्रकाश मिळतो. १/१०० सेकंदात नेमका एक चढउतार होतो. पण १/६० सेकंदात एक पूर्णांक दोन तृतीयांश चढउतार होतात. मोबाइलचा संवेदक चित्राच्या सर्व ओळी एकदम टिपत नाही, एकामागून एक टिपतो. त्यामुळे एखाद्या ओळीच्या वाट्याला उजेडाचा भाग अधिक येतो, दुसरीच्या वाट्याला कमी. तेच हे पट्टे! उपाय सोपा आहे. कॅमेऱ्याच्या 'प्रो' सोयीत शटर १/५० किंवा १/१०० ठेवा.

प्रयोग दुसरा : पडणारा चेंडू

भिंतीवर एक मीटरची पट्टी उभी चिकटवा. तिच्याजवळून चेंडू सोडा आणि चित्रण करा. एक मीटर पडायला चेंडूला सुमारे ०.४५ सेकंद लागतात. सेकंदाला ३० या वेगाने त्याची १३-१४ चित्रेच मिळतील. सेकंदाला २४० चित्रे घेणारी स्लो मोशनची सोय असेल, तर १०८ मिळतील. ती ३० च्या वेगाने दाखवली, की पडणे आठपट सावकाश दिसेल.

चेंडू जमिनीशी पोचताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो. शटर १/५० असेल, तर ते उघडे असताना चेंडू जवळजवळ ९ सेंटिमीटर पुढे जातो. चित्रात चेंडूऐवजी लांबट धूसर पट्टा उमटतो. नाचणाऱ्यांचे हात याच कारणाने धुरकट झाले होते. शटर १/१००० केले, तर चेंडू अर्ध्या सेंटिमीटरहूनही कमी सरकतो आणि स्पष्ट दिसतो. पण आता प्रकाश विसावा हिस्साच मिळाला! म्हणून हा प्रयोग अंगणात, उन्हात करायचा. आपल्याकडे उन्हाची वाण नाही. फक्त मे महिन्यात मोबाइल तापून बंद पडू नये म्हणून सकाळची वेळ धरा.

सेकंदाला ३० चित्रांच्या चित्रणात चेंडू सुटल्याचा क्षण आणि एखादे चित्र नेमके जुळले, तर पहिल्या अंतरात चेंडू सुमारे ०.५ सेंटिमीटर पडेल, पुढे १.६, मग २.७, मग ३.८. प्रत्येक अंतर आधीच्यापेक्षा सुमारे १.१ सेंटिमीटरने जास्त. चित्र आणि क्षण जुळले नाहीत, तरी ही वाढ तेवढीच राहते. तिला ९०० ने गुणा. गुरुत्वत्वरण तुमच्या हाती येईल.

हात का हलू नये?

डिजिटल चित्र म्हणजे आकड्यांची जाळी. १,९२० गुणिले १,०८० ठिपक्यांचे चित्र घेतले, तर ठिपके होतात २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट आणि सेकंदाला ३० चित्रे धरली, तर सेकंदाला सुमारे १८ कोटी ६६ लाख बाइट साठवावे लागतील. मेमरी काही मिनिटांतच भरेल. म्हणून मोबाइल एक युक्ती करतो. अधूनमधून एक चित्र पुरे साठवतो आणि मधल्या चित्रांचे फक्त बदललेले भाग नोंदवतो. कॅमेरा हलला, की सगळेच बदलते. नोंद वाढते आणि ती ठरावीक जागेत बसवताना बारकावे गळतात. तेव्हा तिपाई नसेल, तर दोन विटांच्या मध्ये मोबाइल उभा करा. एवढ्याने निम्मे काम सुधारते.

घड्याळ चौकटीत का?

शेवटी संकलन. 'शॉटकट' किंवा 'ओपनशॉट' या विनामूल्य सॉफ्टवेअरवर शाळेच्या संगणकातही ते करता येते. समजा, तुमच्या ४८० चित्रांपैकी वीस काळोखी निघाली. ती काढून टाकली, तर चित्रपट सुंदर दिसेल, पण मूग चार तास कमी वेळात वाढल्याचा भास होईल. बघणाऱ्याला हे कसे कळणार? चौकटीतल्या घड्याळाचा काटा एकदम उडी मारील, त्यावरून. करमणुकीच्या चित्रपटात काळाशी खेळायला मुभा आहे. पण जिथे आपण "असे घडले" म्हणून दाखवतो, तिथे दोन्ही घड्याळांचा वेग सांगणे हे चित्रपट काढणाऱ्याचे कर्तव्य आहे. मोबाइलवर रोज येणाऱ्या चित्रफिती पाहताना हाच प्रश्न विचारायची सवय लावा. घेण्याचे घड्याळ कोणत्या वेगाने चालले होते? मध्ये काय कापले आहे?

दादासाहेबांना प्रत्येक चित्रासाठी फीत खर्चावी लागे. फुटाला १६ चित्रे, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक सेकंदाला एक फूट. म्हणून दांडी फिरवण्यापूर्वी ते विचार करीत. तुम्हांला फीत फुकट मिळाली आहे. विचार मात्र तेवढाच करावा लागेल.

करून पाहा

१. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे 'परभणी क्रांती' हे भेंडीचे वाण प्रसिद्ध आहे. भेंडीचे आणि मुगाचे बी एकाच चौकटीत ठेवून कोणते किती तास आधी रुजते, ते चित्रपटावरून मोजा.

२. भेंडीच्या बियांचे १० दिवसांचे चित्रण २० सेकंदांत दाखवायचे आहे. सेकंदाला ३० चित्रे धरून किती मिनिटांनी एक चित्र घ्याल?

३. ज्या देशात विजेची वारंवारता ६० हर्ट्झ आहे, तिथे शटर किती ठेवाल आणि का?

शिक्षकांनी दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे आधी सांगू नयेत. चुकीच्या अंतराने काढलेला एक फसलेला चित्रपट मुलांना भागाकार कायमचा शिकवून जातो.