मरणोत्तर गती आणि मागे राहिलेल्यांचे कर्तव्य

सज्जनहो, मेल्यावर जिवाचे काय होते, हा प्रश्न नवा नाही. कठोपनिषदात नचिकेता नावाच्या मुलाने प्रत्यक्ष यमालाच तो विचारला. यमाने त्याला दीर्घायुष्य, राज्य, हत्ती-घोडे, सोने, जे म्हणशील ते देतो म्हटले आणि एवढा एक प्रश्न सोड म्हणून विनविले. पण पोर हटले नाही. ज्या प्रश्नापुढे यमधर्म आधी टाळाटाळ करतो, तो आम्ही दहाव्याच्या प्रवचनात तासाभरात उलगडावा, अशी मंडळींची अपेक्षा असते. ते कसे व्हावे? परंतु ह्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे : गेलेल्यासाठी मागे राहिलेल्याने काय करावे? त्याचे उत्तर आपल्या संप्रदायात स्वच्छ आहे. आज त्याचाच अभ्यास करू.

शास्त्र काय म्हणते

उपनिषदांनी दोन वाटा सांगितल्या. एक देवयान, ती ज्ञान्यांची. तिने गेलेला परत येत नाही. दुसरी पितृयान, ती यज्ञ, दान, विहिरी-तळी अशी पुण्यकर्मे करणाऱ्यांची. ती चंद्रलोकापर्यंत नेते आणि पुण्य सरले की पावसाच्या, धान्याच्या वाटेने पुन्हा खाली आणून सोडते. गीतेच्या आठव्या अध्यायात ह्याच दोन वाटा आहेत, आणि नवव्यात स्वर्गाची मुदत पुण्याच्या गाठोड्याएवढीच असल्याचे भगवंतांनी सांगितले आहे. म्हणजे स्वर्ग ही धर्मशाळा झाली, घर नव्हे.

पुढे भक्तिशास्त्राने सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता अशा चार मुक्ती मांडल्या. आणि आमचे संत? ते ह्या चारी बाजूला सारून देवापाशी पुन्हा जन्म मागतात! बघा, सारे जग ज्यातून सुटू पाहते, तेच हे मागून घेतात. कारण भजनाची गोडी घ्यायला देव आणि भक्त असे दोघे असावे लागतात; सायुज्यतेत गोडी घेणाराच उरत नाही.

म्हणूनच वारकऱ्याच्या तोंडी संतांविषयी भूतकाळ येत नाही. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१८, म्हणजे सन १२९६ मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदीला समाधी घेतली. तरी ज्येष्ठात पादुका पालखीत ठेवल्या की आपण 'माउली निघाली' असेच म्हणतो. पुण्यात पालख्या आल्या म्हणजे माउली भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात उतरतात आणि तुकोबाराय नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी. 'उतरतात' म्हणतो हो आम्ही, 'उतरत असत' असे नाही. ही भाषेची चूक नव्हे, हा सिद्धांत आहे. गेलेल्याबरोबर चालणाऱ्याला तो गेलेला वाटत नाही.

घाटावरचा कावळा

आता व्यवहाराकडे येऊ. पुण्यात ओंकारेश्वराजवळ मुठेकाठच्या घाटावर दशक्रिया चालतात. पिंड ठेवतात, मंडळी मागे सरतात आणि कावळ्याची वाट पाहतात. शिवला तर जीव तृप्त, न शिवला तर काही इच्छा राहिली, अशी समजूत. मग थोरला पुढे होतो, हात जोडून सांगतो, 'आई, धाकटीचे लग्न मी करून देईन.' तरी कावळा येत नाही. दुसरा म्हणतो, 'जमिनीवरून आम्ही भांडणार नाही.' फारच वेळ झाला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात.

शिकलेली मुले विचारतात, 'महाराज, कावळ्याला काय कळते?' बाबा रे, कावळ्याला काय कळते हे राहू दे. तुला काय कळले ते बघ. दहा दिवसांत घरातली माणसे एका जागी उभी राहून प्रथमच विचार करतात की, ह्या जिवाचे कोणते काम अपुरे राहिले? आणि चारचौघांदेखत ते अंगावर घेतात. दुःखाचे कर्तव्य करून देणारी ही युक्ती आहे. पिंड भाताचा असतो. खरा पिंड ते वचन. घाटाच्या पायऱ्या चढेपर्यंत वचन विसरणारेही असतात. त्यांच्या पिंडाला कावळा शिवला काय आणि न शिवला काय!

नाथांचे श्राद्ध

पितरांना पोहोचते ते काय, ह्याचा दृष्टांत पैठणचा आहे. नाथमहाराजांच्या घरी श्राद्ध होते. स्वयंपाकाचा वास रस्त्यावर गेला, आणि अस्पृश्य गणलेल्या एका कुटुंबातील लेकरे तो वास घेत थबकली. नाथांनी ते ऐकले, पाहिले, आणि पितरांसाठी शिजलेले अन्न त्या सगळ्यांना पोटभर वाढविले. नंतर दुसरा स्वयंपाक केला; पण बोलाविलेले ब्राह्मण रागावून आले नाहीत. तेव्हा प्रत्यक्ष पितरच येऊन पानावर बसले, अशी संतचरित्रांत कथा आहे. अर्थ ध्यानात घ्या. भुकेल्याला डावलून वाढलेले पान पितरांना पोहोचत नाही. भुकेल्याला घातले की ते न बोलाविता येतात.

शेजारधर्मांचे मत

हीच गोष्ट शेजाऱ्यांच्या धर्मांतही दिसते. पुण्याच्या लष्करात सगळ्यांचीच वस्ती आहे, त्यांचे ऐकून घेण्यात कमीपणा नाही. पारशी म्हणतात, जीव तीन रात्री देहाजवळ राहतो आणि चौथ्या पहाटे चिन्वत पुलाशी जातो; तेथे त्याचे स्वतःचे आचरणच कन्येच्या रूपाने सामोरे येते, बरे असेल तर सुंदर, वाईट असेल तर कुरूप. मुसलमान म्हणतात, मरणाने माणसाची कर्मे थांबतात. पण चालू राहिलेले दान, उपयोगी पडणारी विद्या आणि प्रार्थना करणारे सद्गुणी अपत्य ही तीन चालूच राहतात. ख्रिस्ती मंडळी २ नोव्हेंबरला थडग्यांवर मेणबत्त्या लावून मृतांसाठी प्रार्थना करतात. मिसर देशात मृताचे हृदय पिसाशी तोलले जाते, असे मानीत. नकाशे निरनिराळे आहेत. पण जकात सर्वत्र एकच, आचरणाची.

यंत्राचा परलोक

आता यंत्रानेही परलोक काढला आहे. १९६७ साली अमेरिकेत जेम्स बेडफर्ड नावाच्या प्राध्यापकाचा देह मृत्यूनंतर गोठवून ठेवला. पुढे कधी तरी विज्ञान उठवील ह्या आशेवर तो आजही द्रवरूप नत्रवायूत, उणे १९६ अंशांत आहे. आमच्या शास्त्राने ज्याला जुने वस्त्र म्हटले, ते ह्यांनी घडी घालून पेटीत ठेवले. नेसणारा परत येईल की नाही हे पेटीला ठाऊक नाही.

दुसरा मार्ग आवाजाचा. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ काढला आणि पुढच्याच वर्षी त्याचे जे उपयोग सांगितले, त्यांत मरणाऱ्याचे अखेरचे शब्द जपणे हाही एक होता. २०२० साली कोरियातील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात एका आईला तिची गेलेली मुलगी डोळ्यांवरच्या यंत्रातून भेटविली. आणि आता तर गेलेल्याची पत्रे, निरोप, आवाज यंत्रात घातले की ते त्याच्यासारखे बोलते, विचारले तर उत्तरही देते.

ह्याला पाप म्हणावे काय? नाही. वडिलांचा आवाज मोबाईलमध्ये जपणे हे भिंतीवरच्या तसबिरीसारखेच आहे. आईला पुन्हा लेकरू दिसावे असे वाटणे ह्यात हसण्यासारखे काही नाही. तिच्या डोळ्यांतले पाणी खरेच आहे. पण ह्या बोलत्या यंत्रात एक मोठी उणीव आहे. त्याची कोणतीही इच्छा राहिलेली नसते. त्याला धाकटीचे लग्न नको, भावांचा समेट नको. आपण ऐकू इच्छितो तेच ते बहुधा ऐकवते. त्याच्या पिंडाला कावळा कधी अडून बसत नाही! गेलेला बाप आपल्याकडून काही मागतो, म्हणून आपण सुधारतो. जो बाप काहीच मागत नाही, तो करमणूक झाला. परलोकाची कोणतीही कल्पना ह्याच कसोटीला लावावी : तिने जिवंत माणसाच्या हातून काही घडते का?

शंकासमाधान

शंका : वैकुंठ स्मशानभूमीत विजेच्या किंवा गॅसच्या दाहिनीत दहन केले तर गती अडते काय? समाधान : अग्नी तो अग्नीच. लाकूड वाचले, हवा थोडी स्वच्छ राहिली, तर त्यात अधर्म कोणता?

शंका : देहदान केले; अस्थी नाहीत, मग विधी कसा? समाधान : देह हाती नसेल तर शास्त्राने पूर्वीच पालाशविधी सांगितला आहे; पळसाची प्रतिमा करून संस्कार करतात. म्हणजे देहावाचून गती नाही, असे शास्त्रच म्हणत नाही. दधीचींनी तर वज्रासाठी आपल्या अस्थी दिल्या. देहदानास आपल्या राज्यात १९४९ च्या शरीरशास्त्रविषयक कायद्याचा आधार आहे. नेत्रदान करावयाचे तर डॉक्टरांस लगेच कळवावे; मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात. रडणे त्यानंतरही करता येते.

शंका : मुलगा परदेशी आहे, फोनवरून दशक्रिया पाहतो, चालेल का? समाधान : पाहणे चालेल, पण नुसते पाहून भागणार नाही. वचन त्यानेही द्यावे आणि तेथून पाळावे.

सिद्धांत

मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा आणि कितीक कामकरी तिच्याखाली गेले. नामदेवराय अस्थी आणावयास गेले. ढिगाऱ्यातील हाडे सारखीच, ओळखायची कशी? ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, असे त्यांनी ओळखले आणि पंढरीस महाद्वारापाशी समाधी दिली. जन्मभर ज्याचा अभ्यास केला, तेच मागे वाजत राहिले. हा जाणाऱ्याचा धडा. आणि राहिलेल्याचा धडा नामदेवरायांचा : ढिगारा उपसून ते ऐकणे आणि त्याला योग्य जागी नेऊन ठेवणे.

म्हणून येत्या पितृपक्षात एवढे करा. ज्याच्या नावाने पान वाढाल, त्याचे राहिलेले एक काम कागदावर लिहा आणि पुढच्या पक्षाच्या आत ते पुरे करा. मग नचिकेत्याचा प्रश्न यमाकडेच राहू दे. आपल्या वाट्याचे उत्तर आपण दिलेले असेल.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!