खिडकीच्या चौकटीस घरीं रंग देणें

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं सागवानी खिडक्या असतील, आणि त्यांस आंतून रंग देण्याचें काम दिवाळीच्या सुमारास केव्हां तरी निघत असेल. तें घरच्या घरीं करितां येतें काय, असें कोणी विचारिल्यास येतें असेंच आम्ही सांगूं. परंतु पहिल्या खेपेस आम्हीं तें कसें बिघडविलें, हें आधीं सांगितलेलें बरें.

श्रावणांत चार दिवस उघडीप पडली. आम्हीं हौसेनें इनॅमल रंगाचा डबा व एक कुंचला आणिला, आणि माजघराच्या दोन खिडक्यांवरील धूळ फडक्यानें झटकून त्यांवर एकच जाड हात दिला. सायंकाळीं सर आली, म्हणून खिडक्या लावून घेतल्या. दुसरे दिवशीं झडपा चौकटीस चिकटून बसल्या होत्या. पुढें कार्तिकांत पटाशीनें त्या सोडविल्या, तेव्हां रंगाचे पापडासारखे पोपडे निघाले व त्यांखालीं जुना मेणचट थर जसाच्या तसा दिसला. दोष डब्याचा नव्हता.

तेलरंग सुकतो तो ओल्या धोतरासारखा नव्हे. त्यांतील टर्पेंटाईन उडून जातें हें खरें. परंतु मागें राहिलेलें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें. थर जाड असला म्हणजे वर साय धरते, आंत ओल राहते आणि पृष्ठभागास सुरकुत्या पडतात. दमट हवेंत तर हें काम फारच मंद चालतें. शिवाय पावसाळ्यांत लाकूड फुगतें; तेंही रुंदींत फुगतें, लांबींत जवळ जवळ नाहीं. श्रावणांत झडप अडते म्हणून तिजवर रंधा चालविल्यास चैत्रांत तिच्याभोंवतीं मोठी फट पडते. यासाठीं मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचे कोरडे दिवस या कामास उत्तम.

याहून गंभीर गोष्ट आम्हांस उशिरां कळली. कार्तिकांत तो जुना रंग आम्हीं कोरडाच घासून काढिला, आणि त्याच माजघरांत एक रांगतें मूल होतें. जुन्या काळीं सफेता हा शिशापासून करीत. गजांवरील शेंदूर हाही शिशाचाच. शिशाची धूळ पोटांत गेल्यास लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो, आणि अमुक प्रमाण निर्धास्त असें शास्त्रज्ञांस आजवर सांपडलेलें नाहीं. जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें घरांच्या अंतर्भागांत सफेत्याचा रंग वापरूं नये असा करार १९२१ सालींच संमत केला होता. आपल्याकडे घरगुती रंगांत दहा लाख भागांस शिशाचे ९० भाग ही मर्यादा घालणारे नियम २०१६ सालीं झाले. तेव्हां जुन्या घराच्या चौकटीवर काय आहे, हें नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. आम्हीं मुलाचें रक्त तपासून घेतलें. सुदैवानें चिंतेजोगें कांहीं निघालें नाहीं. पण उत्तर येईपर्यंतचे ते दोन दिवस अजून आठवतात.

म्हणून जुना रंग घासावयाचा तो ओला करूनच. पाण्यांत चालणारा काचकागद बाजारांत मिळतो. मुलांस दुसऱ्या खोलींत ठेवावें, खालीं जुनें कापड अंथरावें, निघालेला गाळ त्यांतच गुंडाळावा आणि जमीन झाडूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. दिव्याच्या ज्योतीनें रंग जाळून काढण्याची युक्ति कांहीं लोक सांगतात. ती मुळींच करूं नये, कारण त्या धुरांतूनही शिसें पोटांत जातें. रंग पक्का बसलेला असल्यास सर्व खरवडण्याचें कारणही नाहीं. चकाकी जाईपर्यंत घासलें म्हणजे नवा रंग धरतो.

त्याआधीं कडी-कोयंडे काढून ठेवावे व धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानें चौकट धुवावी, विशेषतः हात लागतो तेथें. सोडा मागें राहिल्यास रंगास मारक होतो, म्हणून स्वच्छ पाण्यानें पुन्हा धुवून दोन दिवस वाळूं द्यावें. जेथें उघडें सागवान दिसेल तेथें टर्पेंटाईनचें फडकें फिरवावें. सागाच्या अंगीं स्वतःचें तेल असतें, त्यावर रंग लवकर धरत नाहीं. उघड्या लाकडावर आधीं प्रायमरचा एक हात द्यावा. मग भेगा व खिळ्यांचीं भोंकें, खडूची पूड बेलतेलांत मळून केलेल्या लुकणानें बुजवावीं, आणि तें घट्ट झाल्यावर बारीक काचकागदानें लाकडाच्या रेषेच्या दिशेनें सपाट करावीं. झडपेच्या खालच्या कडेकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. तेथें फळीचा कापलेला माथा असतो, तो पाणी पितो. त्यास प्रायमर अधिक पाजावें.

रंगाचे हात दोन, आणि दोन्ही पातळ. दोहोंच्या मध्यें एक दिवस जाऊं द्यावा. आधीं काचेलगतच्या पट्ट्या, मग झडप आणि शेवटीं चौकट, हा क्रम ठेविला म्हणजे ओल्या जागीं हात लागत नाहीं. रंग काचेवर केसभर चढूं द्यावा. त्यानें फट बंद होते. काम सकाळीं लवकर आरंभावें, आणि खिडकी त्या रात्रीं उघडीच ठेवावी. चोराची भीति वाटत असल्यास एका दिवशीं एकच खिडकी घ्यावी व तेथेंच निजावें. आम्ही तसेंच केलें, आणि डांस सोडून कोणी आलें नाहीं.

राहिल्या तेलाच्या चिंध्या. तेल प्राणवायु घेतें तेव्हां ऊब उत्पन्न होते. बेलतेलानें भिजलेल्या चिंध्या चुरगळून ढीग केल्यास ती ऊब कोंडते व चिंध्या आपोआप पेट घेतात. आमच्या चिंध्या आतां परसांतील दोरीवर एकेक पसरून कडक वाळतात, आणि मगच कचऱ्यांत जातात.