वासाची भाषा

पावसाळ्याचे दिवस असतात. गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी झालेली असते आणि बांध्या हिरव्यागार दिसू लागतात. अशा एखाद्या बांधीत काठीला टांगलेले प्लास्टिकचे नरसाळे तुम्ही पाहिले असेल. त्याच्या वर झाकण असते आणि खाली लांब पिशवी असते. झाकणाच्या आत रबराची एक छोटी गोळी लावलेली असते. आत दिवा नाही, खाण्याचा पदार्थ नाही. तरीही सकाळी पिशवीत पतंग सापडतात. ते एकाच जातीचे असतात आणि तेही नर! असे का होत असेल?

हे पतंग खोडकिड्याचे असतात. खोडकिडा हा धानाचा मोठा शत्रू आहे. त्याची मादी पानावर अंडी घालते. अंड्यांतून निघालेली अळी खोडात शिरते आणि आतला गाभा खाते. रोप वाढत असेल, तर त्याचा मधला पोंगा सुकतो. लोंबी येण्याच्या वेळी अळी शिरली, तर लोंबी पांढरी पडते. तिच्यात दाणा भरत नाही. शेतकऱ्याच्या चार महिन्यांच्या कष्टांवर पाणी पडते.

रात्री मादी एक विशेष गंध हवेत सोडते. त्या गंधावरून नर तिला शोधत येतो. रबराच्या गोळीत तसाच गंध भरलेला असतो. म्हणून या साधनाला कामगंध सापळा म्हणतात.

मुलांनो, कीटकाला आपल्यासारखे नाक नसते. तो मिशांनी वास घेतो. या मिशांना शृंगिका म्हणतात. शृंगिकेवर अतिशय बारीक केस असतात आणि केसांना सूक्ष्म छिद्रे असतात. हवेतील गंधाचे कण त्या छिद्रांतून आत जातात. तेथील पेशी मेंदूला संदेश पाठवतात.

मधमाशीचा मेंदू जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढा असतो. त्यात सुमारे दहा लाख चेतापेशी असतात. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी असतात. तरीही मधमाशी अनेक फुलांचे वास वेगवेगळे ओळखते. हे तिला कसे जमते?

शृंगिकेकडून आलेले संदेश प्रथम मेंदूतील लहान लहान गोळ्यांत पोहोचतात. मधमाशीच्या प्रत्येक शृंगिकेसाठी असे सुमारे १६० गोळे असतात. एका वासाने त्यांतले काही गोळे जागे होतात, दुसऱ्या वासाने दुसरे काही. वर्णमालेत अक्षरे थोडी असतात, पण त्यांपासून हजारो शब्द तयार होतात. तसेच हे आहे. प्रत्येक गोळा म्हणजे जणू एक अक्षर आणि प्रत्येक वास म्हणजे एक शब्द.

हा शब्द पुढे मेंदूच्या दुसऱ्या भागात जातो. त्या भागाचा आकार अळंबीसारखा असतो. वासाची आठवण तेथे तयार होते. मधमाशीला एखादा वास देऊन लगेच साखरेचे पाणी दिले, तर थोड्याच वेळात ती तो वास शिकते. मग नुसता वास येताच ती जीभ बाहेर काढते. बिर्याणीचा वास येताच आपल्या तोंडाला पाणी सुटते, तसेच ना?

नर पतंगाला मात्र मादीचा गंध शिकावा लागत नाही. त्यासाठी त्याच्या मेंदूत जन्मापासूनच खास मोठे गोळे असतात. खोडकिड्याच्या मादीच्या गंधात दोन मुख्य द्रव्ये असतात. त्यांचे प्रमाण साधारण तीनास एक असते. प्रमाण बिघडले, तर नर फारसे येत नाहीत. अत्तर तयार करणाराही असाच हिशेब ठेवतो. एक थेंब कमीजास्त झाला, तर अत्तराचा सुगंध बदलतो.

पतंगांचा असा गंध सर्वप्रथम आडोल्फ बूटेनान्ट या जर्मन शास्त्रज्ञाने शोधला. त्यासाठी त्याने रेशीमकिड्याच्या सुमारे पाच लाख माद्या वापरल्या. १९५९ साली त्याला यश आले. त्या शोधातूनच पुढे शेतातील सापळ्यांची वाट सापडली.

कीटकनाशक फवारले, की शत्रूबरोबर मित्रही मरतात. कोळी आणि चतुर हे तर पतंगांना खाणारे शेतकऱ्याचे सोबती आहेत. सापळ्यातील गंध त्यांना बोलावत नाही. तो शब्द त्यांना वाचताच येत नाही!

सापळ्यामुळे सगळे किडे संपत नाहीत. पण रोज सकाळी पतंग मोजले, की कीड वाढते आहे की नाही हे शेतकऱ्याला वेळेवर कळते. मग गरज नसताना फवारणी करावी लागत नाही. पैसा वाचतो आणि बांधीतले मित्रही वाचतात. शत्रूची भाषा समजली, तर त्याच्याशी लढणे सोपे होते.

शब्दार्थ
बांधी – धानाच्या शेताचा बांध घातलेला भाग
रोवणी – धानाची रोपे लावणे
नरसाळे – वर रुंद व खाली अरुंद असे ओतण्याचे साधन
कष्टांवर पाणी पडणे – मेहनत वाया जाणे

स्वाध्याय
१. कामगंध सापळ्यात फक्त नर पतंग का सापडतात?
२. लेखकाने वासाला 'शब्द' का म्हटले आहे?
३. 'तोंडाला पाणी सुटणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.
४. तुमच्या परिसरातील शेतकऱ्याला भेटून पिकावरील किडींची माहिती मिळवा व पाच वाक्ये लिहा.