पाठ केलेली उत्तरं बाजूला ठेव

चि. सायली,


मैदानी चाचणी निघाली, आता उपनिरीक्षकपदाची मुलाखत तेवढी राहिली, हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. क्लासमधून मिळालेली प्रश्नोत्तरं तू दिवसभर घोकतेस असंही ती म्हणाली. ती बाजूला ठेव. तुझं वाचन किती आहे ते लेखीत तपासून झालं. 40 गुणांच्या या मुलाखतीत एवढंच बघतात, की रात्री दोन वाजता रडत ठाण्यात आलेलं माणूस या मुलीच्या भरवशावर सोडता येईल का.

तयारी तुझ्या अर्जापासूनच कर. गाव पंढरपूर म्हटलं की आषाढीचा बंदोबस्त विचारणारच. ‘चोख बंदोबस्त ठेवू’ हे उत्तर कुणीही देईल. दर्शनबारी गोपाळपूरकडे कशी वाढत जाते, वाखरीला पालख्या एकत्र आल्यावर रस्त्याचं काय होतं, हे तू लहानपणापासून बघत आलीस, ते सांग. वाळवंटात चुकलेल्या म्हातारीला गावाचं नाव सांगता येतं, तालुका सांगता येत नाही, फोन मुलाच्या खिशात असतो. पण दिंडी रथापुढची की मागची आणि कितवी, हे तिला बरोबर आठवतं. तेवढ्यावरून तिची माणसं सापडतात. असं एक उत्तर दिलंस तर पुढचे प्रश्न तुझ्याच अंगणात येतील.

रसायनशास्त्र घेऊन पोलिसात कशाला, हाही प्रश्न येईल. तिथे ‘लहानपणापासून वर्दीचं आकर्षण’ नको. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. पंचनाम्यात नमुना कसा उचलला, कसा सील केला, याला त्यामुळे किती वजन आलंय, ते तुझ्या विषयाशी जोडून बोल.

कायद्याचं म्हणशील तर 1 जुलै 2024 पासून तिन्ही फौजदारी कायदे बदलले. जुनी आणि नवी कलमं शेजारी शेजारी लिहून काढ, पण नुसते आकडे म्हणून दाखवू नकोस. समज, एसटीतून उतरलेली बाई सांगते, मागच्या स्टँडवर गळ्यातलं हिसकावून नेलं. ते स्टँड दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत. काय करशील? ‘तिकडे जा’ हे शब्द तुझ्या तोंडून येता कामा नयेत. आधी तिला बसव, पाणी दे. हिसकावून नेणं हा आता न्याय संहितेच्या कलम 304 खाली स्वतंत्र गुन्हा आहे, दखलपात्र आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायची, नंतर ती त्या ठाण्याकडे पाठवायची. लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं, सही घ्यायची, प्रत फुकट द्यायची. मी नोकरीची कितीतरी वर्षं ठाण्याच्या टेबलामागे काढली. लांबून आलेल्या माणसाला हद्दीच्या नावाखाली परत पाठवणं हा आपल्या खात्यावरचा सर्वांत मोठा डाग आहे, असं मी मानते.

मग वाकडे प्रश्न येतील. पुढाऱ्याचा फोन आला, आरोपी सोडा म्हणाले तर? तिथे आवाज चढवून बाणेदारपणा दाखवू नकोस. फोन नम्रपणे ऐकेन, स्टेशन डायरीत नोंद करीन, वरिष्ठांना कळवीन आणि कारवाई कायद्याप्रमाणेच करीन, एवढं शांतपणे सांग. आरोपी कबूल होत नसेल तर हात उचलशील का, असं विचारलं तर सरळ ‘नाही’ म्हण. पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात त्याच्याविरुद्ध चालतच नाही, हे कारण आहेच. पण ते नसतं तरीही उत्तर हेच. अटक केलेल्याला, प्रवासाचा वेळ वगळून, 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावं लागतं, हे संविधानाच्या अनुच्छेद 22 मध्ये आहे. अटकेबाबतचा डी. के. बसू प्रकरणातला 1996 चा निकाल नीट वाच. आणि 1972 चं मथुरा प्रकरणही वाच. ठाण्यात आलेल्या मथुरा या आदिवासी मुलीवर तिथेच अत्याचार झाला, सर्वोच्च न्यायालयात पोलीस सुटले, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलावा लागला. हे आपल्याच महाराष्ट्रात घडलं. वर्दी मागायला निघालेल्या मुलीला हे ठाऊक हवं.

एखादी गोष्ट येत नसेल तर ‘माहीत नाही, सर’ म्हणून मोकळी हो. कपडे, फाईल, मूळ कागदपत्रं ताई बघेल, त्यात तू वेळ घालवू नकोस.

या आठवड्यात एक संध्याकाळ जवळच्या ठाण्यात जाऊन, परवानगी घेऊन, ठाणे अंमलदाराशेजारी तासभर बस. कोण येतं, काय घेऊन येतं आणि कशाने शांत होतं, ते बघ. मग त्यातल्या एका माणसाबद्दल मला लिहून कळव.

तुझी,
मावशी